गावातलं रसिक मंडळ, व्याख्यानं आणि मानधनाचा प्रश्न



कोहमारा कुठे आहे असं कुणी विचारलं की मी सांगतो, मुंबई-कोलकाता महामार्गावरून नागपूरहून रायपूरकडे जाताना साकोली सोडली की पुढे गोंदियाचा फाटा लागतो, तेच आमचं गाव. बहुतेकांना इथला चौकच तेवढा आठवतो. एसटी थांबते, चहा होतो, गाडी निघते. अशा गावात आम्ही काही शिक्षक, एक पोस्टमन, दोन दुकानदार आणि पाच-सहा गृहिणी मिळून कलेची ओळख करून देणारं मंडळ चालवतो. महिन्यातून एक व्याख्यान. चित्र, संगीत, नाटक, शिल्प, कधी विणकाम. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "सर, कोण येते जी ऐकायला?"

प्रश्न बरोबर आहे. पहिल्या वर्षी कुणीच येत नव्हतं, आणि त्यात चूक आमची होती.

आपल्याकडे व्याख्यान म्हटलं की एक साचा डोळ्यासमोर येतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी आपापली व्याख्यानमाला उभी केली. चांगलीच गोष्ट. पण गावोगावी त्या परंपरेतलं व्याख्यान हळूहळू मागे पडलं आणि समारंभ तेवढा उरला. आम्हीही तेच केलं. मंडप, ध्वनिक्षेपक, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे दोन शब्द (दोन शब्द कधीच दोन नसतात). नागपूरहून आलेल्या प्राध्यापकांना बोलायला मिळाली पंचवीस मिनिटं, तीही मुलं पेंगायला लागल्यावर. आभारप्रदर्शनाला समोर अकरा माणसं होती, आणि त्यातली चार आमच्याच मंडळाची.

दुसऱ्या वर्षी सगळं काढून टाकलं. मंडप नाही, शाल नाही, अध्यक्ष नाही. शाळेचा एक वर्ग, सतरंजी आणि प्रोजेक्टर. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच कलाकृती, आणि वक्त्याने बोलण्याआधी सगळ्यांनी ती दहा मिनिटं नुसती बघायची किंवा ऐकायची.

सुरुवात आम्ही घरातल्याच चित्रापासून केली. प्रत्येकाने घरातलं लक्ष्मीचं किंवा सरस्वतीचं कॅलेंडर, तसबीर जे असेल ते आणायचं. तेवीस तसबिरी आल्या. ओळीने मांडल्या आणि विचारलं, यांत सारखं काय दिसतं? साडीच्या निऱ्या, हाताची ठेवण, मागचं पाणी, कमळ, मोर. एका आजींनी पटकन सांगितलं, "सगळ्या एकाच घरच्या दिसतात." तिथून राजा रविवर्म्यावर बोलणं सोपं झालं. देवीला बाईसारखं वजन, सावली आणि नेसणं देणारा हा चित्रकार. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, आणि जे चित्र राजवाड्यात टांगलं जायचं ते शिळाछापाने झोपडीपर्यंत पोचलं. आजींच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी त्याच वाटेने आली होती. त्या दिवशी कुणीही मध्येच उठून गेलं नाही.

मग सावळाराम हळदणकरांचं समईवाली स्त्रीचं चित्र घेतलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आम्ही पडद्यावर दाखवलं. प्रश्न विचारला, उजेड कुठून येतोय? मुलं म्हणाली दिव्यातून. दिवा कुठे रंगवलाय? मग शांतता. ज्योत तर हाताच्या आड आहे. उजेड दिसतो बोटांच्या कडांवर, चेहऱ्यावर, पदरावर. आणि हे जलरंगात, जिथे चुकलेलं पुसून पुन्हा रंगवणं फार अवघड. सातवीतली एक मुलगी घरी जाऊन मोबाइलच्या टॉर्चवर हात धरून बसली, असं तिच्या आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं. बॅटरी संपवली म्हणून तक्रार होती, पण सांगताना हसत होती.

संगीताचंही तेच. रागांची व्याख्या फळ्यावर लिहून दिली तर मुलं ती पाठ करतील आणि विसरतील. आमच्या एका पाहुण्या गायिकेने भूप आणि देशकार एकापाठोपाठ ऐकवले. दोन्हीत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मग वेगळे का वाटतात? तिने भूपात गंधारावर थांबून दाखवलं, देशकारात धैवतावर. एक संध्याकाळचा, एक सकाळचा. ऐकणाऱ्यांत एकही गाणं शिकलेला नव्हता, तरी तिसऱ्या वेळी अर्ध्या लोकांनी बरोबर ओळखलं. गाणं न शिकलेल्या माणसालाही फरक ऐकू येतो. फक्त कुणीतरी कानाला जागा दाखवावी लागते.

इथवर सगळं गोड आहे. आता आमच्या मंडळात ज्यावरून भांडण झालं त्या गोष्टीकडे येतो, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिवाळीनंतर पहिल्या तासाला हमखास झोपायचा. मी त्याला उभं केलं, वहीत शेरा दिला, एकदा सगळ्यांसमोर बोललोही, "रात्रभर काय करतोस रे?" तो खाली बघत राहिला. झाडीपट्टीत राहणाऱ्या माणसाला हे विचारावं लागू नये. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, आणि मंडई म्हणजे रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. मुलाचे वडील नाटकात पेटी वाजवत, आणि आसपासच्या गावात प्रयोग असला की पोरगा त्यांच्याबरोबर जायचा. वर्गात त्याने हे सांगितलं नाही, कारण वर्गात नाटक म्हणजे वाया जाणं असं आम्ही मास्तरांनीच पसरवून ठेवलं होतं.

ज्या मंडळात मी हळदणकर दाखवत होतो, त्याच मंडळात झाडीपट्टी रंगभूमीवर एकही व्याख्यान झालं नव्हतं. विचार करा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हिवाळाभर नाटकं चालतात. वडशात, म्हणजे देसाईगंजला, कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि गावं तिथे जाऊन तारीख ठरवतात. अनुदानावर नाही, तिकिटावर. शंकरपटाला आलेली गर्दी रात्री नाटकाला बसते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा शंकरपट थांबले, त्याचा फटका नाटकांनाही बसला, आणि २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यावर पुन्हा हालचाल सुरू झाली. त्याआधीची दंडार आणि खडी गंमत तर वेगळीच. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शाळांतून अभिनंदनाचे फलक लागले. फलक लावणाऱ्यांत मीही होतो. पण आपल्याच वर्गातल्या पेटीवाल्याच्या मुलाला मी उभं करत होतो.

मी त्या वडिलांना व्याख्यानाला बोलावलं. ते म्हणाले, "मले भाषन नाही जमत जी." मी म्हटलं, भाषण नको, पेटी आणा. ते आले, आणि पुढचा दीड तास आम्ही सगळे विद्यार्थी होतो. नटाची पट्टी कशी ओळखायची ते त्यांनी दाखवलं. पूर्वी ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जावा म्हणून काळी चारसारख्या उंच पट्टीत गायचे, माइक आला तशी पट्टी खाली आली. नट ओळ विसरला की प्रॉम्प्टर शब्द देईपर्यंत पेटीवाला दोन सूर धरून ठेवतो, आणि प्रेक्षकाला वाटतं दुःखाने गळा दाटला. "खूप जनाचे दुःख माह्या बोटात आहे," असं ते म्हणाले आणि वर्ग हसला. मुलगा पहिल्या रांगेत होता, त्या दिवशी जागा.

व्याख्यान झालं, आणि मानधनाचा विषय निघाला.

नागपूरहून येणाऱ्या वक्त्याला आम्ही पंधराशे रुपये देतो. हिशेब साधा आहे. शेहेचाळीस सभासद, कार्यक्रमाच्या महिन्यात प्रत्येकी पन्नास रुपये, म्हणजे तेवीसशे. पंधराशे मानधन, उरलेल्यात प्रवास आणि चहा. पेटीवाल्यांना किती द्यायचे? बैठकीत सूचना आली, पाचशे आणि एक शाल. "गावचाच तर माणूस आहे. घरून चालत आला." मी म्हटलं पंधराशेच. वाद झाला. समोरच्यांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता हेही सांगतो. नागपूरहून इथे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, माणसाचा पूर्ण दिवस जातो, त्याचा मोबदला नको का? हवा. पण तो प्रवासखर्च म्हणून वेगळा द्या. मानधन हे दीड तास बोलण्याचं आणि त्यामागच्या पंचवीस वर्षांच्या शिकण्याचं आहे, आणि ते दोघांचं सारखं आहे.

दोन सभासद सोडून गेले. एक पुढे परत आले, दुसरे अजून नाहीत, रस्त्यात भेटतात तेव्हा धानाच्या भावावर बोलतो.

मला उलट टोकाचं बोलणारेही भेटतात. ते म्हणतात, मग रविवर्मा, भूप, देशकार हवेत कशाला? आपलं तेवढंच दाखवा, दंडार, नाटक, गोंडी नृत्य. हेही मला पटत नाही. आमच्या मुलांनी पुण्या-मुंबईच्या मुलांइतकंच सगळं बघायला हवं. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी समकालीन चित्रकारांची मूळ चित्रं महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत फिरवली होती, कारण मुंबईबाहेरच्या माणसाला ती बघायलाच मिळत नाहीत. ती खोट खरी आहे. रविवर्म्याची निरी बघायला शिकलेला डोळाच नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यावरचा महाल नीट बघतो. आमच्याकडे ते झालं. पडद्यावरच्या खांबांची सावली एका बाजूला आणि दिवा दुसऱ्या बाजूला, हे आठवीतल्या मुलांनी मंडईत पकडलं आणि मला येऊन सांगितलं.

पालकांची शंका वेगळी असते. "सर, याचे मार्क भेटतात का?" एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, तेवढ्यापुरती चित्रकला घरात चालते. इंटरमिजिएट झाली की रंगपेटी माळ्यावर. शाळेतही आपण काय करतो? शिष्यवृत्तीची तयारी आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा. मीही घेतलाय तो तास, गणितासाठी. व्याख्यानाचे गुण मिळत नाहीत हे मी पालकांना सरळ सांगतो. मग सांगतो, तुम्ही पण या. मुलाला एकट्याला पाठवू नका. आईवडील सोबत बसले की घरी जाताना त्यावर बोलणं होतं, आणि आमच्या अनुभवात मुलांच्या लक्षात ते रस्त्यातलं बोलणं जास्त राहतं.

कुणाला आपल्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर वेळापत्रकाचं एक सांगून ठेवतो, कारण इथेच बहुतेक मंडळं आपटतात. शहरातलं कॅलेंडर आणू नका. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट रोवणी, बाया दिवसभर बांधीत वाकलेल्या असतात, त्यांना संध्याकाळी शिल्पकला सांगणं हा छळ आहे. नोव्हेंबरात धानकापणी आणि मंडई. मे महिन्यात तेंदूपत्ता. हे चार महिने आम्ही बंद. उरतात आठ, आणि आठ पुष्कळ झाले. वेळ रविवारी दुपारी तीनची. संध्याकाळी ठेवलं की आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्यांना परतीची गाडी मिळत नाही, आणि पहिल्यांदा गळतात त्या बायकाच. आमच्याकडे आज निम्म्याहून जास्त श्रोते बायका आहेत. वेळ बदलल्यावर झालं ते, विषय बदलल्याने नाही.

आणि प्रश्न विचारायला वेळ ठेवा. अर्धा तास. पहिल्या पाच मिनिटांत कुणी बोलत नाही, तेव्हा घाबरून आभार मानायला उठू नका. बसून राहा.

यंदा जानेवारीत नवेगावबांधच्या तलावावर बोलायचं ठरलंय. हे कलेत बसतं का, यावर बैठकीत तासभर खल झाला. कोहळी समाजाने बांधलेल्या या पट्ट्यातल्या तलावांची पाळ, सांडवा, पाणी बांधीपर्यंत नेणारे पाट, हे बघायला शिकवणारा माणूस आमच्याच तालुक्यात आहे. शाळेत फार गेलेला नाही. वर्गात नाही, पाळीवर उभं राहून सांगतो म्हणाला. मानधन पंधराशे ठरलंय, या वेळी बैठकीत कुणी काही बोललं नाही. जवळपासच्या शिक्षकांनी मुलांना घेऊन यावं. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत आणा, पाळीवर सावली कमी आहे.