इचलकरंजीत माग मोजले जातात, माणसं कधी?

इचलकरंजीत मागांचा खडखडाट थांबला की पहिला प्रश्न असतो, लाइट गेली की मंदी आली? दोन्हींचा फटका शेवटी एकाच माणसाला बसतो, मागावर उभ्या असलेल्या कामगाराला.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. त्या गावाची २०२२ मध्ये महानगरपालिका झाली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी पहिल्या महापालिकेसाठी मतदानही झालं. शहर मोठं झालं, पण धंद्याची मांडणी फारशी बदललेली नाही.

सूत व्यापाऱ्याचं, माग खर्चीवाल्याचा आणि हात कामगाराचे. खर्चीवाला व्यापाऱ्याकडून बीम घेतो आणि ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देतो. बाजार पडला की व्यापारी मजुरी पाडतो, मग खर्चीवाला पाळी कमी करतो किंवा माग बंद ठेवतो. कामगाराची मजुरी मीटरवर, तीही पीक बघून. सूत तुटकं निघालं, बीम उशिरा आलं की मीटर घटतात. बारा तासांची पाळी मात्र तेवढीच राहते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. मीटरवर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचा हक्क आहे. पण भविष्य निर्वाह निधीसाठी २० आणि ईएसआयसाठी १० कामगारांची अट आहे. लहान शेडमध्ये दोन्ही पाळ्या मिळून पाच-सहाच माणसं असतात. त्यामुळे शहरभर हजारो कामगार असूनही कागदावर ते कुठंच भरत नाहीत.

त्यात यातले बरेच जण बाहेरचे. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले आहेतच, शिवाय सीमेपलीकडच्या बोरगाव, माणकापूर भागातूनही माणसं कामाला येतात. घाम इचलकरंजीत, मत मात्र गावाकडं. साहजिकच वॉर्डातल्या उमेदवाराला त्यांची गरज वाटत नाही.

आता साधे माग भंगारात जाऊन शटललेस माग येताहेत. उत्पादन वाढेल, कापडाचा दर्जाही सुधारेल. पण शटल गेलं की कांडीही गेली आणि कांडी भरून घर चालवणाऱ्या बायकांचं कामही गेलं. नव्या मागासाठी अनुदानाची चर्चा होते. या बायकांनी पुढं काय करायचं, याची होत नाही.

मजुरी ठरवणं महापालिकेच्या हातात नाही, हे खरं. पण प्रत्येक शेडचा घरफाळा तिच्या वहीत आहे आणि विजेचा मीटर महावितरणच्या. या दोन नोंदी जोडून कामगार खात्यानं शेडनिहाय हजेरी घेतली, तरी कोण कुठं राबतं ते कळेल. किमान वेतन असो की विमा, नाव लागल्याशिवाय यातलं काहीच मागता येत नाही.