एन वाढतो म्हणे!

परवा शनिवारी सकाळी, चहाचा दुसरा कप हातात असताना मावसबहिणीचा फोन आला. ती मानसशास्त्रात पीएचडी करत्येय. "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, जरा माझी एक शीट बघ की." आमच्या घराण्यात कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्तीपासून पीएचडीपर्यंत सगळ्याला हक्काचा माणूस. बघितली शीट. मेटा-अ‍ॅनॅलिसिसची होती. शोधून काढलेले अभ्यास मोजकेच, पण शीटमधल्या ओळी त्याच्या चौपट. कारण प्रत्येक अभ्यासात त्याच मुलांकडून तीन-चार प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या आणि हिने प्रत्येक प्रश्नावलीची वेगळी ओळ केली होती.

म्हटलं, "अगं, ही तीच मुलं आहेत ना?"

"हो. पण सर म्हणाले सगळ्या घाल. एन वाढतो."

एन वाढतो! हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या वीकेंडची वाट लागली. म्हणून आज हा राग तुमच्यावर काढतोय.

आधी थोडक्यात, ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. एकाच प्रश्नावर जगभर झालेले अभ्यास गोळा करायचे, प्रत्येकातून 'परिणाम किती' हे एका समान मापात काढायचं (याला इफेक्ट साइझ म्हणतात) आणि त्या आकड्यांची वजनदार सरासरी घ्यायची. ज्या आकड्यात अनिश्चितता कमी, त्याला वजन जास्त. झालं मेटा-अ‍ॅनॅलिसिस. नाव १९७६ साली जीन ग्लास यांनी दिलं. आज औषधांपासून शाळेतल्या शिकवण्याच्या पद्धतींपर्यंत मोठमोठे निर्णय यावर होतात, आणि 'मेटा-अ‍ॅनॅलिसिस सांगतंय' म्हटलं की समोरचा गप्प बसतो.

या सगळ्या हिशोबाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. प्रत्येक आकडा स्वतंत्र साक्षीदार असला पाहिजे. आणि एन वाढवायच्या नादात आपण पहिला घाव नेमका तिथेच घालतो.

सोसायटीची मीटिंग आठवा. लिफ्ट बदलायची की नाही, मतदान आहे. नियम, एक फ्लॅट एक मत. आता एक काका उठतात. खजिनदार म्हणून एकदा हात वर करतात, ज्येष्ठ नागरिक म्हणून एकदा, पार्किंगवाले म्हणून एकदा. सेक्रेटरी प्रत्येक वेळी टिकमार्क करतो आणि वर म्हणतो, काय उत्तम प्रतिसाद! तुम्ही खुर्च्या फेकाल. पण हेच काम एक्सेलमध्ये झालं आणि शेवटी पी व्हॅल्यू आली, की आपण टाळ्या वाजवतो.

"पण प्रश्नावल्या वेगळ्या आहेत ना, काहीतरी नवीन माहिती मिळतच असेल!" बरोबर. मिळते. प्रश्न आहे किती मिळते, आणि हे मोजता येतं. समजा एका अभ्यासात एकाच गटावर १० मापं घेतली आणि त्या मापांचं एकमेकांशी कोरिलेशन ०.८ आहे. (चिंतेच्या दोन प्रश्नावल्या एकाच माणसाने भरल्या तर इतकं असणं काही जगावेगळं नाही.) भोळा हिशोब म्हणतो, दहांच्या सरासरीचा व्हेरिअन्स एकाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ०.१. खरा हिशोब असा: १ मध्ये ९ गुणिले ०.८ मिळवा, ८.२ झाले. भागिले १०. उत्तर ०.८२.

पुन्हा वाचा. दहा ओळी भरल्या, आणि व्हेरिअन्स कमी झाला फक्त १८ टक्क्यांनी. दहा मापांची किंमत साधारण सव्वा मापाएवढी! बाकी पावणेनऊ ओळी म्हणजे त्याच काकांचा पुन्हा पुन्हा वर झालेला हात.

यातून होतं काय? स्टँडर्ड एरर आहे त्याच्या साधारण एक तृतीयांश दिसतो. समजा उपचाराचा परिणाम खरं तर शून्य आहे. तरीही १०० वेळा हा खेळ केलात तर ५ वेळा नव्हे, जवळजवळ ४९ वेळा 'परिणाम सापडला' असं उत्तर येईल. नाणं उडवा की! पीएचडीची पाच वर्षं कशाला घालवायची?

आणि सगळ्यात वाईट भाग पुढेच आहे. अभ्यास वाढवून हे सुधारत नाही. ५ अभ्यास असोत की ५०, प्रत्येकाच्या दहा ओळी केल्यात तर खरा एरर आणि दिसणारा एरर यांचं प्रमाण तेच राहतं. उलट अभ्यासा-अभ्यासांत खरोखरचे फरक असतील (ते असतातच) तर अजून बिघडतं, कारण तो फरकसुद्धा दहाही ओळींना सामाईक असतो.

आता कबुली. हे पाप मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत आम्ही स्क्रीनवरच्या एका बटणाची चाचणी घेत होतो, अर्ध्या लोकांना जुनं बटण, अर्ध्यांना नवं. मी क्लिक मोजले. ग्राफ हिरवागार. मीटिंगमध्ये मिरवून घेतलं. तेवढ्यात नुकतीच जॉइन झालेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "पण माणसं किती?" काही उत्साही लोक दिवसभर ते बटण दाबत होते आणि मी प्रत्येक दाबणं स्वतंत्र पुरावा म्हणून धरत होतो. माणसांवर हिशोब केला तेव्हा हिरवा रंग गेला. त्या दिवशीची लाज अजून आठवते, म्हणूनच कदाचित एवढा तडतडतोय.

बरं, हे काही छोट्या लोकांचं दुखणं आहे असं समजू नका. या क्षेत्रातला आद्य ग्रंथच घ्या ना. मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये मानसोपचारावरचं प्रसिद्ध मेटा-अ‍ॅनॅलिसिस छापलं. अभ्यास ३७५, इफेक्ट साइझ ८३३. म्हणजे सरासरी एका अभ्यासामागे दोनाहून जास्त. सरासरी परिणाम ०.६८. यावर हान्स आयझेंक १९७८ मध्ये तुटून पडले, पण त्यांचा मुख्य राग वेगळा होता, बऱ्यावाईट अभ्यासांची एकत्र खिचडी का करता, असा. ८३३ पैकी स्वतंत्र आवाज किती, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं लोकांना छळत राहिला. त्या काळी हत्यारंच नव्हती, त्यामुळे मी स्मिथ-ग्लास यांना दोष देत नाही. दोष आजच्यांना देतोय. का ते सांगतोच.

पण आधी नेहमीच्या सबबी.

पहिली सबब: "फक्त इंटरव्हल रुंद होतो, मधला आकडा फारसा बदलत नाही." अहो, निर्णय त्या इंटरव्हलवरच तर होतो! आणि आकडासुद्धा बदलतो. ऑनडॅनसेट्रॉन हे उलटीवरचं औषध तुम्ही-आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी घेतलेलं आहे. १९९७ मध्ये ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवरच्या या औषधाच्या चाचण्यांमधली काही माहिती वेगवेगळ्या पेपरांतून पुन्हा छापली गेली होती, तेच रुग्ण आहेत हे न सांगता. रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के अशी दुबार होती. आणि दुबार कोणत्या चाचण्या छापल्या जात होत्या? ज्यांत औषध जास्त गुणकारी दिसत होतं त्या. हे दुबार रुग्ण धरून हिशोब केला तर औषधाचा गुण २३ टक्के फुगत होता. हे अवलंबित्वाचं सगळ्यात टोकाचं रूप, कोरिलेशन थेट १. काका दोनदा आले, दुसऱ्यांदा मिशी लावून.

दुसरी सबब: "मग एका अभ्यासातून एकच ओळ घेतो, भानगडच नको." आधी लिहून ठेवलेल्या नियमाने घेत असाल तर चालेल. पण सगळे आकडे समोर मांडून झाल्यावर 'मुख्य माप' कोणतं हे ठरवायला बसलात, तर तुम्ही सोयीचंच उचलणार. मी पण उचलेन. शिवाय कष्टाने गोळा केलेली माहिती कचऱ्यात जाते ती वेगळीच.

तिसरी, आणि ही जरा प्रामाणिक: "मापांचं आपसातलं कोरिलेशन पेपरांत दिलेलंच नसतं हो." खरं आहे, बहुतेकदा नसतं. (काही वेळा गणितातूनच मिळतं. तीन डोस आणि एकच प्लासिबो गट, सगळे गट सारख्या आकाराचे, तर दोन तुलनांमधलं कोरिलेशन साधारण ०.५, कारण अर्धा गोंगाट दोघींचा सामाईक.) पण माहीत नाही म्हणून शून्य धरायचं? शून्य हासुद्धा अंदाजच आहे, आणि सगळ्यात चुकीचा! ०.४, ०.६, ०.८ धरून तीनदा चालवा आणि उत्तर किती हलतं ते छापा.

आणि आता तर तेवढीही अडचण उरलेली नाही. २०१० मध्ये हेजेस, टिप्टन आणि जॉन्सन यांनी यावर रोबस्ट व्हेरिअन्सची पद्धत दिली. कल्पना साधी आहे. ओळीओळींचं आपसात काय नातं आहे ते नेमकं माहीत नसलं तरी चालेल, अभ्यास हे एकक धरा आणि अभ्यास एकमेकांपासून किती विखुरलेत त्यावरून एरर काढा. सोसायटीच्या भाषेत, हात मोजू नका, फ्लॅट मोजा. अभ्यास थोडे असले की ही पद्धतही जरा जास्त आत्मविश्वास दाखवते, तर त्यावरची दुरुस्ती टिप्टन यांनी २०१५ मध्ये दिली. पुढे पुस्तेयोव्स्की आणि टिप्टन यांनी कोरिलेशनचा अंदाज आणि अभ्यासांची उतरंड दोन्ही धरणारं मॉडेल वापरायचं आणि त्यावर रोबस्टचं कवच चढवायचं, असा रस्ता दाखवला. तीन पातळ्यांचं मॉडेल लावून 'झालं की' म्हणणाऱ्यांनी इथे लक्ष द्या. ते मॉडेल खऱ्या परिणामांची उतरंड सांभाळतं, पण नुसतंच लावलं तर त्याच माणसांमुळे येणारा सामाईक गोंगाट स्वतंत्रच धरतं. पुष्कळदा भागून जातं, पण कवच असलेलं बरं.

हे सगळं आर भाषेत फुकट मिळतं. मेटाफॉर आणि क्लबसँडविच अशी पॅकेजेस आहेत. (हो, सँडविच. आकडेशास्त्रज्ञांनाही भूक लागते.) तीन-चार ओळींचा कोड. त्यामुळे 'जमत नाही' ही सबब आता संपली. उरलं ते 'करायचं नाही'. कारण एन कमी झाला की तारका जातात, तारका गेल्या की पेपर जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जिथे जिथे मेटा-अ‍ॅनॅलिसिस दिसेल, तिथे दोन आकडे शोधा: इफेक्ट साइझ किती आणि अभ्यास किती. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान असेल, आणि त्याचं काय केलं यावर एक वाक्यही नसेल, तर निष्कर्ष कितीही गोड असला तरी त्याच्यावर आपली पैज लावू नका. दुबार पेपरांचा घोटाळा मात्र या दोन आकड्यांतही दिसत नाही, तिथे पेपर उघडूनच बघावे लागतात.

आता बहिणीचं. रविवारी दुपारी दोघांनी बसून तिची शीट परत चालवली. मधला आकडा थोडा हलला, इंटरव्हल मात्र चांगलाच रुंद झाला आणि शून्याला ओलांडून पलीकडे गेला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, आता परिणाम नाहीच असं लिहायचं का?"

म्हटलं, "तसंही नाही गं. परिणाम असेलही. इतक्या अभ्यासांवरून सांगता येत नाही, एवढंच लिही."

"सर चिडतील."

"चिडतील."

तिने दोन्ही तक्ते प्रिंट केले, जुना आणि नवा. (प्रिंटर अडकला. तोही मीच सोडवला.) उद्या ती दोन्ही घेऊन सरांकडे जाणार आहे. मी माझ्या मीटिंगमध्ये जेवढा घाबरलो होतो तेवढी ती घाबरलेली दिसली नाही.

असो. काय होतं ते पुढच्या शनिवारी सांगतो.