आघात फळ्यावर दिसू द्या

इटालियनच्या सुरुवातीच्या धड्यांतच ‘पार्लारे’चा, म्हणजे बोलण्याचा, तक्ता येतो. पार्लो, पार्ली, पार्ला सुरळीत जातात. ‘पार्लियामो’, ‘पार्लाते’ही जमतात. घोडे अडते ते ‘पार्लानो’पाशी. आधीच्या दोन रूपांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर होता, म्हणून विद्यार्थी इथेही ‘ला’ लांबवतो. खरा आघात पहिल्या ‘पार्’वरच. ‘आबितानो’त (ते राहतात) तर तो शेवटून चौथ्या अक्षरावर, थेट ‘आ’वर आहे.

कांदिवली-बोरिवलीकडे शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. मुले रूपे देवनागरीत उतरवून घेतात. तीत उच्चार बराचसा येतो, आघात येत नाही. मराठीत तशी गरजही नसते. इटालियनमध्ये मात्र ‘पार्लो’ म्हणजे मी बोलतो, आणि जोर शेवटी गेला की तो बोलला! छापील मजकुरात खूण सक्तीची आहे ती अशा अंत्य आघातापुरतीच. बाकीचे वाचणाऱ्याने ओळखायचे.

अक्षरे तोडायला आपले लघु-गुरू कामी येतात. जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू का होते, हे शाळेत वृत्ते शिकलेल्याला ठाऊक असते. रफार ‘लो’च्या डोक्यावर दिसला तरी तो र् ‘पा’चा: पार्-लो. तसेच दोर्-मो, लेग्-गो. पण ‘स’पाशी ही सवय दगा देते. ‘स’ पुढच्या व्यंजनाला धरून राहतो: का-पि-स्को, आ-स्पेत्-तो. हा फरक पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावा.

‘ते’च्या रूपासाठी ‘मी’चे रूप धरा. वर्तमानकाळातल्या नियमित क्रियापदांत ‘आबितो’चा आघात ‘आ’वर, म्हणून ‘आबितानो’चाही, ‘तेलेफोनो’चा ‘ले’वर, म्हणून ‘तेलेफोनानो’चाही. ‘एरे’ने संपणाऱ्या मूळ रूपांना असा आधार नाही. ‘वेदेरे’त जोर ‘दे’वर, ‘लेज्जेरे’त ‘लेज्’वर. ती पाठच करावी लागतात, आणि त्यात कमीपणा नाही.

आधी रूपे पाठ होऊ देत, उच्चार मागाहून सुधारू, ही पद्धत आम्हाला चुकीची वाटते. घोटून पक्का झालेला चुकीचा आघात पुढे तोंडी परीक्षेतही सुटत नाही. पुस्तकात नसली तरी फळ्यावरच्या प्रत्येक रूपावर आघाताची तिरपी रेघ ओढा आणि मुलांकडून ती वहीतही ओढून घ्या. वर्गात वापरलेले असे तक्ते आमच्याकडे जरूर पाठवा; निवडक तक्ते पुढील अंकात छापू.