‘मेरी सू’ : विडंबनाची संज्ञा आणि संज्ञेचे विडंबन

विडंबन म्हणजे मूळ कृतीवर पोसलेले दुय्यम लेखन, आणि विज्ञानकथेच्या चाहत्यांनी केलेले विडंबन तर दुय्यमाहूनही दुय्यम, अशी उतरंड विद्यापीठीय समीक्षेत सहसा गृहीत धरली जाते. पॉला स्मिथ यांची ‘अ ट्रेकीज टेल’ ही एकच कथा हे गृहीतक मोडीत काढण्यास पुरेशी आहे.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झाली. तिच्या चाहत्यांनी, त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांनी, हौशी अनियतकालिकांतून त्याच पात्रांच्या नव्या कथा रचल्या. १९७३ मध्ये ‘मेनाजरी’ या अशाच एका अनियतकालिकात स्मिथ यांची कथा प्रसिद्ध झाली. साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू कर्कला मोहवते, स्पॉकला तर्काने प्रभावित करते, संकटात यान सांभाळते आणि सर्वांना रडवून मरते. तिचा जन्मदिवस यानावर राष्ट्रीय सुट्टीचा ठरतो. हे सारे मोजक्या परिच्छेदांत उरकते. प्रत्येक यश विनासायास मिळते, यातच उपहासाचे मर्म आहे.

सर्वमान्य भाषिक प्रमाण लोपल्यामुळे विडंबनाची जागा निर्हेतुक अनुकरणाने घेतली, असे फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ मध्ये प्रतिपादिले. परंतु विडंबनाला लागणारे प्रमाण समग्र समाजाचे असावे लागत नाही. परस्परांचे लेखन वाचणारा एक लहानसा वाचकवर्गही ते पुरवू शकतो. पुनरावृत्तीतील चिकित्सक अंतर हा लिंडा हचन यांचा १९८५ चा निकष ही कथा पूर्ण करते. शिवाय तिचे लक्ष्य मूळ मालिका नसून स्वकीयांचेच लेखन आहे. म्हणजे येथे विडंबन हीच समीक्षा आहे.

या समीक्षेची पुढे जी गत झाली, ती मात्र उद्वेगजनक होय. कथा मागे पडली, संज्ञा तेवढी उरली. २०१५ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील रे या नायिकेवरही हाच शिक्का मारला गेला. कर्कसारख्या नायकाचे अजिंक्यत्व मात्र साहसकथेचा संकेत म्हणून खपून जाते. इच्छापूर्तीचे कथनात रूपांतर करताना होणारी चूक स्मिथ यांनी दाखवली होती. स्त्रीच्या कर्तबगारीवर निवाडा दिला नव्हता. या दोहोंची गल्लत करणाऱ्याला निष्कर्षही मेरी सूच्या यशासारखाच, विनासायास मिळतो.