लसीकरण आणि वैद्याचे आप्तत्व

लसीकरणाचा विषय निघाला की आपल्या वैद्यवर्गात दोन प्रकारची मते ऐकू येतात. 'हे आपले शास्त्र नव्हे' असे म्हणून काही जण मौन पत्करतात. काही जण त्याही पुढे जाऊन सुवर्णप्राशनालाच 'आयुर्वेदिक लस' म्हणून टाकतात. आमच्या मते दोन्ही भूमिका त्याज्य होत. त्यांचे मोल भरावे लागते ते बालकांना, आणि त्यातही ज्यांच्या दारापर्यंत शासकीय यंत्रणा जेमतेमच पोहोचते अशा बालकांना.

२०२२ च्या उत्तरार्धात गोवंडी, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. दाट वस्ती, रोजंदारीवरील कुटुंबे आणि मुस्लिम समाज मोठ्या संख्येने, हे तिन्ही ठिकाणचे समान चित्र. 'हे लोक लसीला विरोधच करतात' असा शेरा तेव्हा सर्रास ऐकावयास मिळाला. हे निदान उतावीळपणाचे आहे. यंत्रमागाच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, केंद्राची गैरसोयीची वेळ, गावी राहिलेले लसीकरणाचे कार्ड, मागील सुईनंतर बाळाला आलेला आणि आधी कोणीही न सांगितलेला ताप, असे हेतू घरोघरी निरनिराळे असतात. हेतू न शोधता आरंभिलेली चिकित्सा निष्फळ ठरते, हे वैद्यांना सांगणे नलगे.

या बाबतीत उत्तर प्रदेशातील पोलिओचा अनुभव मननीय आहे. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण आढळले. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक एकट्या त्या राज्यातील होते. थेंबांमुळे वंध्यत्व येते ही अफवा मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. ती ओसरली ती त्याच मोहल्ल्यांतील स्त्रियांनी दारोदार जाऊन केलेल्या संभाषणाने आणि मशिदींतून झालेल्या आवाहनांनी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ व जामिया मिल्लिया इस्लामिया यांच्या जोडीला जामिया हमदर्दही या कार्यात उतरले. हमदर्द म्हणजे युनानीचे माहेरघर. परंपरागत वैद्यकाशी नाते असलेल्या संस्थेला येथे संकोच वाटला नाही, हे आपण ध्यानी घ्यावे. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. (नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या राज्यात मुस्लिमबहुल भागांतील कोविड लसीकरणासाठी चित्रपट अभिनेते सलमान खान यांचे साहाय्य घेण्याचा मनोदय व्यक्त झाला होता. हेतू चांगला होता. पण रात्री बाळ फणफणले तर अभिनेत्याचे दार ठोठावता येत नाही.)

दिव्यांगांचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथे अविश्वासापूर्वी उपेक्षा येते. कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले; अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस देण्यास मुंबई महापालिकेने ३० जुलै रोजी एका विभागातून आरंभ केला, आणि केंद्राची तशी सूचना सप्टेंबरमध्ये निघाली. बहिऱ्या मातेला लसीनंतरची काळजी खुणांच्या भाषेत सांगणारे कोणी केंद्रावर क्वचितच असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाला 'याला सुई सोसणार नाही' म्हणून घरीच ठेवले जाते. वस्तुतः अशी स्थिर अवस्था लसीस प्रतिबंध ठरत नाही. उलट गोवरानंतरचा फुप्फुसदाह अशा बालकास अधिक घातक. स्वमग्न बालकाचे पालक धाकट्या भावंडाची लस टाळतात, त्यामागे १९९८ मधील वेकफिल्ड यांचा लेख आहे. तो लेख संबंधित नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, हे मात्र त्या पालकांपर्यंत पोहोचलेले नसते.

चरकांनी आप्त कोणाला म्हटले? जो रज-तमापासून मुक्त आहे त्याला. आपल्या औषधाचा खप वाढावा म्हणून लसीविषयी संदिग्ध बोलणारा वैद्य या कसोटीस उतरत नाही. सुवर्णप्राशनास काश्यपसंहितेचा आधार आहे, ते अवश्य द्यावे. परंतु गोवर, घटसर्प वा पोलिओ यांच्या लसीची जागा ते घेत नाही, असे पुष्य नक्षत्राच्या शिबिरात स्पष्ट शब्दांत सांगावे. त्या दिवशी शंभर-दीडशे माता आपल्यासमोर असतात. प्रत्येकीचे लसीकरण कार्ड पाहून नवव्या व सोळा ते चोवीस महिन्यांतील गोवर-रुबेलाच्या मात्रा झाल्या किंवा कसे, एवढे विचारण्यास अर्धे मिनिट पुरते.

औषधालयाच्या मालकांकडेही आमचे एक मागणे आहे. 'माता आली आहे' असे सांगून तापाचे औषध मागणारे ग्राहक प्रथम आपल्याच दुकानी येतात. कडुनिंबाचा पाला त्यांनी खुशाल ठेवावा. त्याच वेळी आशासेविकेस निरोप जावा. आणि सुवर्णप्राशनाच्या बाटलीवर वा फलकावर 'लस' हा शब्द असेल, तर तो या महिन्यातच काढून टाकावा.