चित्रातून वगळलेलं मांजर



आमच्या इमारतीच्या गच्चीवर मांजरी व्याली. "पोत्यात भरून लांब सोडून या," असं दोघीतिघींनी सांगूनही टाकलं. कारण काय, तर ती हिंसक, कबुतरांची पिल्लं खाते. तेव्हापासून मला जपानमधलं एक चित्र सारखं आठवतंय.

तिथल्या बौद्ध मंदिरांत बुद्धांच्या निर्वाणाचं चित्र असतं. सालवृक्षांखाली बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले, भोवती शिष्य आणि देव. खाली हत्ती, घोडे, साप, पाखरं, सगळे शोक करताहेत. मांजर मात्र बहुतेक चित्रांत नसतं. लोककथा अशी की, बुद्धांच्या आईने स्वर्गातून टाकलेली औषधाची पिशवी झाडात अडकली. ती काढायला उंदीर निघाला आणि मांजराने त्यालाच धरलं. म्हणून त्याला चित्रात जागा नाही.

क्योटोच्या तोफुकुजी मंदिरातलं चित्र वेगळं. मिन्चो नावाच्या भिक्षूने ते 1408 मध्ये काढलं, उंची सुमारे 12 मीटर. त्यात मांजर आहे! चित्र काढताना एका मांजराने त्याला रंग आणून दिला, असं सांगतात. ते खरं असो-नसो, उंदीर सोडण्याची शपथ न घालता त्याने मांजराला आत घेतलं, हे मला फार आवडतं.

आपल्या समवसरणातही बाराव्या सभेत तिर्यंच बसतात. सिंह आणि गाय एकाच भांड्यात पाणी पितात, ते चित्र आपण कौतुकाने घरात लावतो. सिंह गच्चीवर येत नाही ना! महावीर भगवंतांचा जीवही एका भवात सिंहच होता. हरीण मारून खात होता, तेव्हा दोन चारणमुनी आकाशातून उतरून त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी त्याला हाकललं नाही, उपदेश केला.

मांजरीला आपण उपदेश करू शकत नाही, कबूल. (दहीभात ठेवणाऱ्या काकू, ती तो खात नाही हो.) पण जीवदया फक्त दाणे टिपणाऱ्यांसाठी, हे मला पटत नाही. कबुतरं जपायची तर दाणे दुसरीकडे घाला.

पिल्लांचे डोळे अजून उघडलेले नाहीत. ती हिंडूफिरू लागेपर्यंत गच्चीची किल्ली मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे. कपडे वाळत घालायचे असतील तर माझी बेल वाजवा.