ढिगाखाली कोण राहतो?

हिंगोली जिल्ह्यात सोने नाही. इथला खडक बेसाल्ट. मग सोन्याच्या खाणीची चर्चा इथे कशाला? कारण ढिगाखाली गाडला जातो तो मजूर, आणि मजूर आपला आहे.

कर्नाटकातील कोलारची सोनखाण २००१ साली बंद पडली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरले ते बहुसंख्य तमिळ दलित कामगार. सोने काढून उरलेल्या सायनाइडयुक्त भुकटीचे डोंगर त्यांच्याच वस्त्यांशेजारी उभे राहिले. २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने अशा १३ ढिगांतून पुन्हा सोने काढायला संमती दिली.

ढीग रचून त्यावर सायनाइडचे पातळ पाणी ठिबकवणे हा सोने काढण्याचा स्वस्त मार्ग. तळाला दाबलेली चिकणमाती, तिच्यावर जाड प्लास्टिकचे अस्तर, मग खडी आणि छिद्रांचे पाईप. भुकटी बारीक असेल तर आधी सिमेंट घालून तिच्या गोळ्या कराव्या लागतात. नाहीतर पाणी निचरत नाही, साचते आणि ढीग घसरतो. (माती उन्हात भेगाळते नि पावसात फुगते, हे आमच्या काळ्या रानातल्या माणसाला इंजिनिअरने शिकवायला नको!)

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी तुर्कस्तानात चोप्लेर येथे असाच ढीग कोसळला. ९ कामगार गाडले गेले.

अस्तर फाटले तर मालकाचे सोने वाहून जाते, म्हणून अस्तरावर पहारा असतो. उताराखाली मात्र फक्त मजूर! म्हणून कोलारमध्ये असा ढीग रचायचा असेल तर उताराचा कोन, आतल्या पाण्याचा दाब, अतिवृष्टीचे पाणी धरणाऱ्या तळ्याचे माप हे सारे आकडे आधी वस्तीला तिच्या भाषेत मिळाले पाहिजेत. दाबाची रोजची नोंद कामगारांच्या प्रतिनिधीने पाहावी आणि धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार त्यालाच असावा.